पावसाळ्यात पावडर की लिक्विड?

कपडे धुण्याची पावडर स्वस्त पडते, तेव्हा लिक्विड डिटर्जंटवर पैसे का घालवायचे, हा मुद्दा बऱ्याच अंशी पटतो. मात्र गोव्यातील हवा लक्षात घेता त्यात थोडी भर घालावीशी वाटते. जून ते सप्टेंबर या काळात येथील दमटपणामुळे उघड्या पुड्यातील पावडरीचे खडे होतात, ते थंड पाण्यात नीट विरघळत नाहीत आणि गडद कपड्यांच्या शिवणीत पांढरे कण अडकून राहतात. वाळत घालायला ऊन नसताना असे कपडे पुन्हा खळबळायला लागणे, यासारखा वैताग नाही. पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि यंत्रात टाकण्यापूर्वी कोमट पाण्यात विरघळवून घ्यावी.

मळाच्या बाबतीत म्हणाल, तर खोबरेल तेल, घाम आणि कॉलरवरील तेलकट थर यांना लिक्विड चांगले लागू पडते, कारण ते डागावर थेट चोळता येते. मातीच्या मळाला पावडरीतील सोडा उपयोगी पडतो, आणि पांढऱ्या कपड्यांसाठी लागणारे ऑक्सिजन ब्लीच सहसा पावडरीतच मिळते. आपल्या तांबड्या मातीचा रंग मात्र लोहाच्या ऑक्साइडचा असतो, त्यामुळे तो ब्लीचने उडत नाही. चिखल वाळू द्यावा, झटकावा आणि मगच कपडा भिजवावा. हुमणाच्या, म्हणजे गोव्यातील माशांच्या कालवणाच्या, हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, तो साबणातील अल्कलीमुळे (क्षारामुळे). त्यावर ऊन हाच खरा उपाय, तोही पावसाळ्यात दुर्मीळच. फ्रंट लोड यंत्रात काहीही वापरा, ते कमी फेसाचे असावे.