फिश टँकच्या काचेवरची कोरलाइन (कडक जांभळं शेवाळ) निघता निघत नाही, तुम्ही काय करता?

खारंपाणी:
रीफ टँक (खाऱ्या पाण्याचा, प्रवाळ म्हणजे कोरल ठेवलेला) आहे, कोरल छान वाढतायत, कॅल्शियम ४३०, अल्कलिनिटी (पाण्यातला कार्बोनेटचा साठा) ८.५ डीकेएच (तो मोजायचं एकक), मॅग्नेशियम १३५० च्या आसपास असतं. खडकांवर जांभळी-गुलाबी कोरलाइन पसरली त्याचा आनंदच आहे, पण आता समोरच्या काचेवर एवढी धरलीय की मॅग्नेट क्लीनर (बाहेरून चुंबकाने फिरवायचा घासणीचा पॅड) वरून नुसता घसरत जातो, डाग जागचा हलत नाही. कोपऱ्यात सिलिकॉनवर पण थर आलाय. एकाने सांगितलं की कॅल्शियम, अल्कलिनिटी थोडी खाली आण म्हणजे वाढ थांबेल. तसं करू का, की अर्चिन (शेवाळ खाणारा काटेरी समुद्री जीव) सोडू? टँक काचेचाच आहे, अ‍ॅक्रेलिक नाही.

प्रवाळप्रेमी:
अल्कलिनिटी खाली आणायच्या भानगडीत अजिबात पडू नकोस. कोरलाइन म्हणजे लाल शेवाळच, पण ते पेशींच्या भिंतीत कॅल्शियम कार्बोनेट भरतं, सोबत थोडं मॅग्नेशियम, म्हणून एवढं कडक होतं. तुझे कोरल सांगाडा बांधायला तोच माल वापरतात, त्यामुळे कोरलाइनला उपाशी मारायला गेलास तर आधी कोरलचे हाल होतील, एसपीएस (छोट्या पॉलिपचे, कडक सांगाड्याचे कोरल) असतील तर जास्तच. रीडिंग चांगली आहेत, तशीच स्थिर ठेव. फक्त एक बघ, कोरलाइन सगळीकडे पसरली की तीही अल्कलिनिटी ओढते, पाण्यात घालायचा डोस तोच असून आकडा हळूहळू उतरत असेल तर कारण हे पण असू शकतं.

काचेला स्टीलचं ब्लेड लावलेला स्क्रेपरच हवा. ब्लेड काचेला जवळजवळ आडवं टेकवायचं आणि डागाच्या कडेखाली घालून पुढे रेटायचं, मग पापुद्रा अख्खा सुटून येतो, वरून घासत बसलास तर नुसता चुरा होतो आणि खाली पांढरट कडं चिकटून राहतं. काम झालं की ब्लेड गोड्या पाण्यात धुवून कोरडं कर, नाहीतर गंज धरणारच. अ‍ॅक्रेलिकवाल्यांनी मात्र प्लास्टिकचंच ब्लेड वापरा.

निळीलाट:
दादांनी सांगितलं त्यात थोडी भर घालते. वाळूपासून दोन बोटं वरच थांबा, मॅग्नेटच्या पॅडमध्ये वाळूचा एक कण जरी अडकला तरी काचेवर कायमची रेघ उठते, खालचा पट्टा हातातल्या स्क्रेपरने वेगळा करा. सिलिकॉनवर ब्लेड चुकूनही नको, सांधा कापला गेला तर टाकीच गळायला लागेल, तिथे जुना टूथब्रश फिरवा आणि जेवढी निघेल तेवढीच काढा. आणि खरं सांगायचं तर सगळा खेळ वेळेचा आहे, ठिपका टाचणीच्या डोक्याएवढा असतो तेव्हा एका फटक्यात निघतो, एकमेकांना जुळून थर झाला की मग हात भरून येतात. दर आठवड्याला पाणी बदलायच्या आधी काच खरवडा म्हणजे पडलेले पापुद्रे सायफनमध्येच जातील, कोरलवर पडले तर पिपेटने उडवा. मागच्या काचेच्या नादी मी लागतच नाही, तिथे जांभळी पार्श्वभूमी सुंदर दिसते.

अर्चिनबद्दल. टक्सिडो अर्चिन कोरलाइन खरंच खातो, त्याच्या पाच दातांनी खरवडलेल्या चांदणीसारख्या खुणा काचेवर स्पष्ट दिसतात. पण तो आपल्याला हवी तीच काच थोडीच साफ करणार, खडकावरची पण खाणार, शिवाय सुटे फ्रॅग (कोरलचे छोटे तुकडे) पाठीवर घेऊन फिरतो, म्हणून फ्रॅग आधी चिकटवून घ्या. खायला कमी पडलं तर सुकं सीवीड द्यावं लागतं. टाकीत सोडताना ड्रिपने (टाकीचं पाणी थेंब थेंब मिसळत) सावकाश सोडा, खारटपणातला फरक त्याला सोसत नाही. गोगलगायींकडून अपेक्षा ठेवू नका, टर्बो वगैरे मऊ शेवाळ मस्त खातात, पण जाड कोरलाइन त्यांच्याच्याने होत नाही.

खारंपाणी:
दोघांचे मनापासून आभार, मग आकड्यांना हात लावत नाही, आधी ब्लेडने समोरची काच मोकळी करतो, अर्चिनचं नंतर बघू. एकच राहिलं, पावरहेडच्या (टाकीत प्रवाह करणाऱ्या पंपाच्या) जाळीवर आणि इम्पेलरवर (आतल्या फिरत्या पात्यावर) पण कोरलाइन बसलीय, प्रवाह कमी झालाय. ती खरवडू का?

प्रवाळप्रेमी:
खरवडू नकोस, प्लास्टिकला ओरखडे पडतील. प्लग काढून पंप बाहेर घे, सुटा कर आणि पांढरं व्हिनेगर नि पाणी निम्मं निम्मं करून त्यात बुडवून ठेव, बुडबुडे यायला लागले की समज विरघळतेय. सायट्रिक अ‍ॅसिडनेही होतं. मऊ झाली की ब्रशने निघते, मग साध्या पाण्यात चांगलं खळबळून परत लाव. हीटरवर बसली असेल तर तो बंद करून पूर्ण गार होऊ दे, मगच पाण्याबाहेर काढ.