मदत हवी आहे: आयबीएसचा प्रकारच बदलला. कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ. रोजचं कसं बसवता?

नमस्कार मंडळी. वय ३६, राहणार सोलापूर. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो, म्हणजे बैठं काम. आयबीएसचं (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे तपासण्या नॉर्मल असूनही पोट दुखणं आणि शौचाचं तंत्र बिघडणं) निदान होऊन दोन-अडीच वर्षं झाली. थायरॉइड, सीलिअॅक, शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी (आतड्याची सूज बघणारी), कोलोनोस्कोपी सगळं नॉर्मल आलंय. रक्त पडत नाही, वजन उतरलेलं नाही, पोटासाठी रात्री झोपेतून उठावं लागत नाही. तेव्हा 'एकदा चांगल्या डॉक्टरांना दाखवा' हे कृपया नको. दाखवतोय.

आधी गणित सोपं होतं. सकाळचा चहा पोटात गेला की मुरडा, मग दोन-तीनदा पळापळ, दुपारनंतर शांत. पुण्याला जायचं तर एसटी नको, हुतात्मा एक्सप्रेसच बरी, कारण गाडीत सोय असते. एवढं सांभाळलं की भागायचं. गेल्या पावसाळ्यापासून मात्र उलटंच सुरू झालं. तीन-तीन दिवस पोट गच्च, कुंथूनही खडेच पडतात, आणि मग एका सकाळी एकदम ढाळ. डॉक्टर म्हणाले, आता हा 'मिक्स टाइप'. पोट बिघडलेल्या दिवसांत खडा आणि पातळ दोन्ही पाव हिश्श्यापेक्षा जास्त वेळा होत असेल तर त्याला तसं म्हणतात, आणि असा प्रकार बदलणं नवीन नाही म्हणे. पण उपाय सगळे एकतर्फी! जुलाब थांबवायची लोपरामाइड घेतली की पुढे पोट बंद, रेचक घेतलं की दुसऱ्या दिवशी कामावर जायची भीती.

इसबगोल दोन्ही वेळा चालू ठेवायला सांगितलंय. पाणी धरून ठेवतं, म्हणून खडा मऊ होतो आणि पातळ असेल तर घट्ट होतं. पटतंय, पण जुलाबाच्या दिवशी घ्यायला हात धजत नाही. शिवाय कपात ढवळून ठेवून फोनवर बोलत बसलो की त्याची कांजीच्या खळीसारखी लगदी होते, ती गिळवत नाही. मिक्सवाले कोणी रोज घेतात का? किती, आणि सकाळी की रात्री?

दुसरं खाण्याचं. कमी फॉडमॅपवाल्या, म्हणजे आतड्यात आंबून गॅस करणाऱ्या साखरा कमी असलेल्या पदार्थांची यादी मिळाली, पण त्यात ब्लूबेरी आणि किनोआ! आपलं त्यात शोधत बसावं लागतं. ज्वारी चालते, गहू टाळायचा, म्हणजे कडक भाकरीला हरकत नाही. शेंगदाणाही चालतो, पण चटणीतला लसूण चालत नाही. लसणाविना शेंगाचटणी म्हणजे नुसतं कूट, असं आईचं ठाम मत आहे, आणि खरं सांगायचं तर माझंही. फोडणीत अख्ख्या पाकळ्या तळून काढून टाकल्या तर चालतं, कारण त्रास देणारं फ्रुक्टन (लसणातली तशीच साखर) तेलात उतरत नाही, असं वाचलंय. आमटी-भाजीचं त्यावर भागेल. चटणीचं कोणी काही जमवलंय का? हिंग वाढवून?

हे विचारण्याचं कारण म्हणजे चातुर्मास. आई कांदा-लसूण सोडते, त्यामुळे घरात सगळ्यांचंच तसं शिजतं. त्या महिन्यांत माझा गुबारा आणि दुखणं बरंच कमी झालं, पण बद्धकोष्ठही नेमकं तेव्हाच सुरू झालं. कांदा-लसूण गेल्यामुळे, की उपवासाच्या साबुदाण्यामुळे? की दोन्हीचा काही संबंध नाही? डॉक्टर म्हणतात, सगळं एकदम बंद-चालू करू नका. चार-सहा आठवडे नीट पाळा, मग एकेक पदार्थ परत आणून बघा, कायमचं काहीच सोडू नका. एकत्र कुटुंबात हे कसं पाळलंत? वेगळं पातेलं लावायचं म्हटलं की वहिनींवर काम पडतं, ते मला नको आहे.

मार्चअखेरीला हमखास बिघडतं, त्यामुळे ताणाचा भाग आहे हे मान्य. रात्रीची कमी डोसची अमिट्रिप्टिलिन सुचवलीय. तिने दुखणं कमी होतं, पण बद्धकोष्ठ वाढू शकतं, म्हणून अजून सुरू केलेली नाही. पुढच्या भेटीत ठरवायचंय. मिक्स प्रकारात कोणी घेतली असेल तर पोटाचं काय झालं तेवढं सांगा. डोस सांगू नका, तो डॉक्टरांना विचारतो.

काढे, चूर्ण आणि 'त्रिफळा घ्या, सात दिवसांत बरे व्हाल' हे सगळं व्हॉट्सअॅपवर रोज येतंय, तेवढं वगळून लिहा.