दसऱ्याचं जेवण आईच्या घरी: २२ माणसं, दोन बर्नर. कसं बसवू?

नौपाड्याची_लेक

नमस्कार. यंदा दसऱ्याचं जेवण ठाण्याला नौपाड्यात, आईच्या घरी करायचं ठरलंय. बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली आहे, दिवाळी झाली की जागा रिकामी करून द्यायची. त्याआधी सगळ्यांनी एकदा तिथे पंगतीला बसावं असं मला आणि भावाला मनापासून वाटतंय. डोंबिवलीचे काका-काकू, पुण्याची आत्या, माझे सासू-सासरे, भावाचे ऑफिसमधले दोन मित्र बायकामुलांसकट आणि तळमजल्यावरच्या आजी. शाळेतून आल्यावर आईला यायला उशीर झाला की आम्ही या आजींकडेच जेवायचो. सगळे धरून २२ पानं होतात, त्यात पाच लहान मुलं.

आई ७४ वर्षांची आहे. गुडघ्यांमुळे ओट्याशी फार वेळ उभं राहवत नाही. पण स्वयंपाक तिचाच असला पाहिजे. तिने खुर्चीत बसून सांगायचं, चव बघायची, 'अजून परत' म्हणायचं, हात आमचे. वहिनी, मी, भाऊ आणि माझी कॉलेजात जाणारी भाची असे चौघं आहोत.

मेन्यू आईने एका दमात सांगितला: साधं वरण-भात, मसालेभात, श्रीखंड-पुरी, बटाट्याची सुकी भाजी, अळूवड्या, काकडीची कोशिंबीर, पंचामृत, ओल्या नारळाची चटणी, मठ्ठा, पापड-कुरडया. शिवाय माझ्या सासूबाईंचे घट दसऱ्याला उठतात आणि त्यांच्याकडे त्या दिवशी पुरणाचा नैवेद्य लागतो. त्या स्वतःहून काही बोलल्या नाहीत. पण माझ्या माहेरच्या जेवणापायी त्यांचा कुळाचार चुकावा हे मला पटत नाही.

अडचण जागेची. ओटा जेमतेम सहा फुटी, पाइप गॅसची दोन बर्नरची शेगडी, फ्रिज लहान. माझं घर वाघबीळला, तिथे सगळं मोठं आहे. पण घोडबंदर रोडचा सणाच्या दिवशी काही भरवसा नाही. गरम पातेली गाडीत आणि आपण कापूरबावडीच्या नाक्यावर अडकलेले, असं नको.

प्रमाण किती घ्यावं, काय आधी करून ठेवावं, आणि मुख्य म्हणजे २२ जणांना पुऱ्या गरम कशा मिळतील? अनुभवी मंडळींनी कृपया सांगावं.

सीवूड्सकर

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. निम्मं बाहेरून मागवा. मसालेभात, भाजी आणि पुऱ्या सांगून टाका, श्रीखंड आणि कोशिंबीर घरी करा. आम्ही गेल्या पाडव्याला नेरुळला असंच केलं. घरातल्या बायका पहिल्यांदाच पाहुण्यांबरोबर निवांत जेवल्या. तुमच्या आईंनाही त्या दिवशी सगळ्यांशी बोलायचं असेल की. त्या घरातला वेळ थोडा उरला आहे, तो कढईसमोर का घालवायचा?

नौपाड्याची_लेक

राग कसला, तुमचं म्हणणं खरं आहे, घरच्या बायका शेवटी उरलंसुरलं खात बसतात ते मलाही नको आहे. म्हणूनच भावाला पुऱ्या तळायला उभं करणार आहे आणि त्याने ते कबूलही केलंय.

पण मसालेभात बाहेरून आणणार नाही. आई गोडा मसाला घरी करते. दगडफूल, नागकेशर, तमालपत्र, धने, सगळं वेगवेगळं तेलावर परतते, आणि तीळ-खोबरं अगदी शेवटी, कारण ते आधी करपतात. त्या दिवशी जिन्यात पाऊल ठेवलं की कळतं कुणाकडे काय चाललंय. भाचीने हा मसाला खाल्लाय भरपूर, पण होताना पाहिलेला नाही. ती स्वतःहून म्हणाली की आजी, मला शिकव. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी दोघी बसणार आहेत. आईला पाहुण्यांशी बोलायचं आहेच, पण हे जेवण आपण घातलं असंही तिला वाटायला हवं. त्यामुळे तोडगा हवा तो घरी करण्याचाच.

पंगतवाढपी

ताई, चरईत आणि आसपास लग्नमुंजीत, उत्सवात पुष्कळ वाढप केलंय आणि आचाऱ्यांच्या हाताखालीही राहिलोय. त्यातून कळलेलं सांगतो. पदार्थ किती हे नंतर बघा. पानं मांडण्याआधीच्या तासाभरात आच कशाकशाला लागणार ते आधी बघा. तुमच्याकडे बर्नर दोन. एकावर पुऱ्यांची कढई, दुसऱ्यावर वरण गरम करणं. तिसऱ्या कशालाही त्या तासात शेगडी लागता कामा नये. या हिशोबाने तुमची यादी पुन्हा वाचा, काय आधी उरकायचं ते आपोआप दिसेल.

श्रीखंडाचं काम आदल्या रात्री संपवा. चक्का दीड किलो, साखर सव्वा किलो. पावणेतीन किलो श्रीखंड होतं, आग्रह करून वाढायला पुरतं. चक्का घरी बांधू नका. दीड किलोला चारेक लिटर दूध विरजावं लागेल आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात रात्रभर बाहेर टांगलेला चक्का आंबट होतो. फ्रिजमध्ये टांगायला तुमच्याकडे जागा नाही. नेहमीच्या डेअरीत आठवडाभर आधी सांगून ठेवा, आदल्या दिवशी रांगा लागतात. चक्क्यात साखर कालवून दोन-तीन तास झाकून ठेवा, मग पुरणयंत्रातून काढा. साखर विरघळली की ते पातळ दिसेल, घाबरून जाऊ नका, रात्रभर थंड झालं की पुन्हा आळून येतं. केशर कोमट दुधात खलून घाला, जायफळ बेताने.

मसालेभाताला तांदूळ सव्वा किलो, पाणी दुप्पट आणि उकळतं. तोंडली अर्धा किलो. साडेअकराला भात तयार हवा. पातेलं जाड बुडाचं घ्या, झाकण घट्ट बसवा आणि जुन्या चादरीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवून द्या. दीड तास वाफाळता राहतो आणि मुरल्याने उलट चांगला लागतो. ओलं खोबरं-कोथिंबीर मात्र वाढताना वरून.

साध्या भाताला तांदूळ अर्धा किलो आणि तूरडाळ अर्धा किलो बस. पहिली मूद लहानच पाडायची असते. बटाटे अडीच किलो, आदल्या रात्री उकडून सोलून ठेवा, सकाळी नऊला फोडणी. ही भाजी कोमट चालते.

आता पुऱ्या. दोन किलो कणकेच्या सव्वाशेच्या आसपास होतात, मोठ्या माणसाला सहा आणि पोरांना तीन धरल्या तरी पुरतात. कणकेत मूठभर बारीक रवा, गरम तेलाचं मोहन, आणि घट्ट भिजवा. सगळी एकदम भिजवू नका. एक किलो साडेबाराला, दुसरी पहिली पंगत बसल्यावर. कणीक फार वेळ पडून राहिली की सैल होते आणि पुरी तेल पिते. लाटताना पिठी लावायची नाही, ती कढईत जळून तळाशी बसते. तेलाचं बोट पुरतं. लाटलेल्या पुऱ्या ओलसर फडक्याखाली ठेवा, कडा सुकल्या तर फुगत नाहीत. दोघींनी लाटायचं, एकाने तळायचं आणि एकाने फक्त गरम घाणा पानांपर्यंत पोचवायचा. हा चौथा माणूस लोक विसरतात आणि पुऱ्या परातीत गार होतात.

२२ जण एकदम बसवू नका. मुलं आणि वयस्कर पहिल्या पंगतीत, बाकीचे दुसरीत. आणि एक पदार्थ कमी करा, मेन्यूत शेवटच्या तासातलं तळण फार झालंय. अळूवड्या किंवा कुरडया, दोन्हीतलं एक.

खारीगावची

अळूवड्यांना माझं मत! उंडे आदल्या दिवशी वाफवून फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी गार उंडे सुरीने सुबक कापले जातात, गरम असताना कापले तर तुटतात. तळायच्याच कशाला? तव्यावर थोडं तेल सोडून दोन्ही बाजूंनी खरपूस करा, तेही सकाळी दहाच्या आत. पुरीच्या तेलात वड्या गेल्या तर बेसन आणि तीळ सुटून तेल काळं होतं, मग पुऱ्यांवर ठिपके येतात.

पानं काळ्या देठाच्या वडीच्या अळूची बघून घ्या. जांभळी नाक्याला मिळतात, पण आदल्या दिवशी झेंडूच्या गर्दीत हात घालायला जागा नसते आणि टेंभी नाक्याच्या देवीमुळे तिकडची वाहतूक वळवलेली असते. दोन दिवस आधी सकाळी चालत जा. पानं ओल्या पंचात गुंडाळून ठेवली की टिकतात. चिंचेचा कोळ सढळ हाताने घाला, खाज राहत नाही.

आमच्याकडे दसऱ्याला पूजा झाली की मटण-भाकरी असते, तरी हा मेन्यू वाचून तुमच्याकडे यावंसं वाटलं.

इंडक्शन असेल तर वाघबीळहून तेवढं मात्र आणा. पातेलं सपाट बुडाचं आणि चुंबक चिकटणारं हवं, ॲल्युमिनियमचं चालत नाही. आणि जुन्या घरात १६ अँपिअरच्या प्लगलाच लावा, फ्रिजच्या एक्स्टेंशनवर नको.

भीमाकाठची

पुरणाबद्दल लिहिते, कारण आमचेही घट दसऱ्यालाच उठतात. माहेर पंढरपूरकडचं, सासर ठाण्यात. २२ जणांना पोळ्या करायच्या नसतात, नैवेद्याला पाच पुरतात. पाव किलो हरभराडाळ, तेवढाच गूळ. दहाएक लहान पोळ्या होतील. पुरण सासूबाईंना आदल्या संध्याकाळी त्यांच्या घरी शिजवू द्या, सकाळी पोळ्या आईंच्या ओट्यावर लाटा. साडेनऊ ते दहा तेवढा तवा रिकामा ठेवायचा.

पोळ्या लाटायला त्यांनाच बसवा. आपल्या कुळाचारासाठी सुनेच्या माहेरी ओटा मोकळा करून दिला, हे कुठलीही सासू विसरत नाही. नैवेद्य झाला की पोळ्यांचे तुकडे करून प्रत्येक पानावर एकेक, वर तूप. डाळ शिजवून उरलेलं येळवणीचं पाणी टाकू नका, वाटीभर कटाची आमटी होते, ती नैवेद्याच्या ताटात हवीच.

नौपाड्याची_लेक

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. काल आईला फोनवर सगळं वाचून दाखवलं. पंगतवाढपींचं शेवटच्या तासाचं गणित ऐकून म्हणाली, 'हा माणूस स्वयंपाकघरात उभा राहिलेला आहे.' अळूवडी सोडायला साफ नकार. पापड-कुरडया गेल्या, ओल्या नारळाची चटणी तिने स्वतःच काढली, पंचामृत आहे ना म्हणाली. पंचामृत दोन दिवस आधी होईल. कोशिंबिरीची काकडी चोचवून ठेवायची, मीठ आणि दाण्याचं कूट पान वाढायच्या वेळी, नाहीतर पाणी सुटतं. मठ्ठ्याला दीड किलो दही, आलं-मिरची वाटून लावायचं काम भाचीकडे.

सासूबाईंना आज विचारलं. क्षणभर गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, 'माझं पोळपाट घेऊन येईन, मला दुसऱ्यावर जमत नाही.' त्यांनी लगेच डाळ निवडायला घेतली असं यांच्याकडून कळलं. भीमाकाठची, तुमच्यामुळे हे झालं.

दोन गोष्टी राहिल्या. पानं केळीची घ्यावीत की घरातली स्टीलची ताटं? आणि मित्रांच्या घरच्यांना डावी-उजवी बाजू माहीत नसेल, तर वाढताना मुलांना काय शिकवून ठेवू?

पंगतवाढपी

केळीची पानं घ्या, दोन पंगतींमध्ये ताटं घासत बसायला तुमच्याकडे माणूस नाही. अळूबरोबर जांभळी नाक्यालाच मिळतील, चार जास्त आणा, एखादं फाटतंच. पुसून घ्या, निमुळतं टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. मुलांना एवढंच सांगा: मीठ वर मधोमध. डावीकडे लिंबू, कोशिंबीर, पंचामृत. उजवीकडे भाजी, वडी, श्रीखंड. खाली मधोमध भाताची मूद, त्यावर वरण, आणि तूप सगळ्यात शेवटी. तूप पडलं की जेवायला सुरुवात. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना पाटावर बसवू नका, टेबल-खुर्ची त्याच ओळीत लावा, म्हणजे ते पंगतीतच राहतात.

मुलांकडे मीठ, लिंबू आणि पुऱ्यांचा आग्रह द्या. श्रीखंड आणि वरण मोठ्यांनी वाढावं. आणि तुम्ही लाटणाऱ्या दोघी दुसऱ्या पंगतीत बसणार ना? तेव्हा पहिल्या पंगतीतल्या कुणाला तरी कढईपाशी उभं करायचं आत्ताच ठरवा.

नौपाड्याची_लेक

ठरलं. तेव्हा लाटायला आत्या आणि माझा नवरा. नवऱ्याची सराव परीक्षा या रविवारी, मसाल्याच्या दिवशीच.