गोपनीयतेच्या धोरणावर संशोधन करणाऱ्याने चळवळीत उतरावे का?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

डिसेंबर २०१५ मध्ये निवडक संकेतस्थळे मोबाइलवर फुकट दाखवणाऱ्या फेसबुकच्या ‘फ्री बेसिक्स’ योजनेवरून देशभर वाद चालू असताना आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था येथील अनेक प्राध्यापकांनी संयुक्त निवेदन काढून योजनेला जाहीर विरोध केला होता. त्यातला एक मुद्दा मला आजही महत्त्वाचा वाटतो. या योजनेत वापरकर्ता आणि संकेतस्थळ यांच्यातली देवाणघेवाण फेसबुकच्या सर्व्हरवरून होते आणि तिथे ती उलगडून वाचता येऊ शकते. त्यामुळे आरोग्यविषयक सेवा योजनेत आल्या तर रुग्णांची माहिती एका खासगी कंपनीसमोर उघडी पडेल, असे त्यांनी दाखवून दिले होते. मोबाइलच्या पडद्याकडे पाहून हा धोका कोणाच्याही लक्षात आला नसता. ज्यांना जाळ्याची रचना कळते त्यांनीच तो सांगायला हवा होता, आणि त्यांनी तो सांगितला.

संशोधकाने निष्कर्ष नियतकालिकात छापावेत आणि पुढचे काम धोरण आखणाऱ्यांवर सोडावे, असे अनेकजण म्हणतात. मला ही वाटणी मान्य नाही. कंपन्यांकडे पगारी तज्ज्ञ आणि वकील असतात, सरकारकडे स्वतःची यंत्रणा असते. ज्याची माहिती गोळा केली जाते त्या नागरिकाच्या बाजूने तांत्रिक पुरावा घेऊन उभा राहील असा माणूस बहुधा विद्यापीठातच सापडतो. शिवाय शोधनिबंध छापून यायला वर्ष-दोन वर्षे लागतात, तर धोरण तेवढा काळ थांबत नाही. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध झाला, तेव्हा सूचनांसाठी सुरुवातीला महिनाभराचीच मुदत होती (ती नंतर थोडी वाढवली गेली), आणि आलेल्या सूचना जाहीर केल्या जाणार नाहीत, असेही मंत्रालयाने सांगितले होते. अशा वेळी टिपण पाठवून गप्प बसणाऱ्या संशोधकाचे म्हणणे कोणी वाचले की नाही, हे समाजाला कधीच कळणार नाही. म्हणून त्याने उघडपणे बोलावे, न्यायालयात प्रतिज्ञापत्र द्यावे, मोहिमेत नाव द्यावे, असे मी मानतो. आपली मते वाचायला आवडतील.

तळटीप

मी असहमत आहे. त्या निवेदनाबद्दल एवढेच नोंदवतो की ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक ट्रायने अशा योजनांना रोखणारा जो निर्णय दिला तो दरांतील भेदभावाच्या मुद्द्यावर दिला. गोपनीयता हा त्याचा आधार नव्हता.

माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे, आणि तो एका आकड्याच्या आधारे मांडतो. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ लतान्या स्वीनी यांनी १९९० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समध्ये नावे काढून टाकलेल्या वैद्यकीय नोंदी केंब्रिज शहराच्या मतदारयादीशी जुळवून तेव्हाचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची नोंद ओळखून दाखवली; ती मतदारयादी वीस डॉलरला मिळाली होती. पुढे २००० साली त्यांनी १९९० च्या जनगणनेवरून असे गणित मांडले की पिनकोड, लिंग आणि जन्मतारीख एवढ्या तीनच गोष्टींवरून अमेरिकेतील ८७ टक्के लोक एकमेवपणे ओळखता येऊ शकतात. हे काम मोलाचे होते. अमेरिकेतील आरोग्यविषयक गोपनीयतेच्या नियमावर त्याचा परिणाम झाला, आणि तो चांगलाच झाला. परंतु २००६ मध्ये फिलिप गॉल यांनी तेच गणित पुन्हा केले तेव्हा १९९० च्या जनगणनेसाठी उत्तर सुमारे ६१ टक्के आणि २००० च्या जनगणनेसाठी सुमारे ६३ टक्के आले. ही दुरुस्ती छापून येऊन इतकी वर्षे झाली, तरी भाषणांत आणि पत्रकांत मला आजही ८७ हाच आकडा भेटतो.

इथे कोणाचा अप्रामाणिकपणा आहे असे मी म्हणत नाही. चळवळीला स्थिर आकडा लागतो आणि संशोधनाला दुरुस्त होणारा आकडा लागतो. एकाच व्यक्तीने दोन्ही भूमिका घेतल्या की आकडा खाली आल्यावर तो मोठ्याने सांगण्याचे धैर्य तिला दुप्पट लागते, कारण मग आपलेच सहकारी नाराज होतात. ज्या क्षेत्रात सामान्य वाचकाला पडताळणी करता येत नाही, तिथे ही जोखीम मला परवडणारी वाटत नाही.

कृष्णाकाठ

उदाहरण समर्पक आहे, परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष मला पटत नाही. ६३ टक्के धरले तरी नाव काढून टाकणे म्हणजे ओळख पुसणे नव्हे, हे सिद्ध होतेच. अमेरिकेच्या त्या आरोग्यविषयक नियमात पिनकोडचे पहिले तीनच अंक ठेवायचे आणि तारखांमधले फक्त वर्ष ठेवायचे, अशी जी एक पद्धत सांगितली आहे, ती ६३ टक्क्यांनाही तितकीच आवश्यक ठरली असती.

तळटीप

तसे असेल तर ६३ च म्हणावे. निष्कर्ष बदलत नाही म्हणून जुना आकडा चालवून घेणे हीच सवय मला धोक्याची वाटते. एखाद्या दिवशी दुरुस्तीमुळे निष्कर्षही बदलेल आणि तेव्हा ती सवय सुटलेली नसेल.

उंबरठा

मी नेदरलँड्समध्ये याच विषयाच्या परिसरात काम करते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

तळटीप यांच्या युक्तिवादाची खरी कसोटी अमेरिकी संगणक-संशोधक जोनाथन मेयर यांच्या बाबतीत लागते. स्टॅनफर्डमध्ये असताना ते एकीकडे, ब्राउझरने ‘माझा माग काढू नका’ असा संकेत पाठवावा आणि जाहिरातदारांनी तो पाळावा, या प्रस्तावाचे उघड पुरस्कर्ते होते. वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या कार्यगटातही ते बसत होते. दुसरीकडे, फेब्रुवारी २०१२ मध्ये त्यांनीच दाखवून दिले की ॲपलच्या सफारी ब्राउझरमधली कुकीविषयीची (म्हणजे संकेतस्थळे ब्राउझरमध्ये ठेवतात त्या ओळखखुणांविषयीची) अटकाव-व्यवस्था गूगल वळसा घालून चुकवत होते. त्या वेळी ‘हा तर चळवळ्या आहे’ असे म्हणून हा शोध झटकता आला नाही, कारण ब्राउझर आणि संकेतस्थळ यांच्यात काय घडते ते कोणालाही स्वतः तपासता येत होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने गूगलला २ कोटी २५ लाख डॉलर दंड लावला.

त्यांची मोहीम मात्र फसली. २०१३ मध्ये मेयर कार्यगटातून बाहेर पडले आणि २०१९ च्या सुरुवातीला तो गटच बंद झाला. ती फसण्याचे कारण संशोधकाचा पक्षपात हे नव्हते. संकेत पाळण्याची कायदेशीर सक्ती नव्हती आणि जाहिरात उद्योगाला तो पाळण्यात तोटा होता. म्हणून कोणत्या दाव्याची पडताळणी विरोधकालाही करता येते, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दावा करणाऱ्याच्या मनात कोणती बाजू आहे याला मी दुय्यम स्थान देते.

युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्यातील कलम ४० इथे पाहण्यासारखे आहे. मोठ्या ऑनलाइन मंचांकडून डेटा मागणाऱ्या संशोधकाने संशोधनसंस्थेशी संलग्न असावे, व्यावसायिक हितसंबंधांपासून स्वतंत्र असावे, निधी कुठून आला ते सांगावे, डेटा सुरक्षित ठेवण्याची क्षमता दाखवावी आणि निष्कर्ष विनामूल्य खुले करावेत, अशा अटी तिथे आहेत. त्याला मत नसावे अशी अट त्यात नाही, आणि मला हे शहाणपणाचे वाटते. केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीच्या प्रकरणात ८ कोटी ७० लाखांपर्यंत फेसबुक वापरकर्त्यांची माहिती बाहेर गेली, ती विद्यापीठातल्या एका अध्यापकाच्या ॲपमार्फत. तिथे चळवळ नव्हती. संशोधनाच्या नावाखाली झालेला व्यवहार होता.

पाणवठा

मी पुण्यात वकिली करतो. आपल्याकडचा प्रश्न या चर्चेत अजून पुरेसा आलेला नाही.

आधारबाबत २०१७ साली दोन वेगळ्या प्रकारची कामे समोर आली. मुंबईहून निघणाऱ्या इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीमध्ये आयआयटी दिल्लीच्या संगणकशास्त्रज्ञांनी आधारच्या रचनेचे विश्लेषण केले; यंत्रणेच्या आतल्याच माणसांकडून होणाऱ्या गैरवापराचा धोका त्यांनी दाखवला आणि स्वतंत्र तिऱ्हाईत लेखापरीक्षकाची कल्पना मांडली. तळटीप यांना अपेक्षित असलेले संशोधन ते हेच असावे. त्याच वर्षी मे महिन्यात बंगळूरच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीचा अहवाल आला. चार सरकारी संकेतस्थळांवर सुमारे १३ कोटी आधार क्रमांक कोणालाही दिसतील अशा रीतीने ठेवलेले असावेत, असा अंदाज त्यात होता, आणि पुरावा म्हणून दिलेल्या चित्रांत व्यक्तींचे तपशील झाकलेले होते. त्यानंतर आधार चालवणाऱ्या प्राधिकरणाने संस्थेला पत्र पाठवून माहिती मिळवणाऱ्यांचा तपशील मागितल्याच्या बातम्या आल्या.

म्हणजे उघड्या दारातून दिसणारी गोष्ट सांगणाऱ्यालाच आधी जाब विचारला गेला. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३ परवानगीशिवाय संगणकात प्रवेश करणे किंवा त्यातील माहिती उतरवून घेणे याबद्दल भरपाईची जबाबदारी टाकते. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सद्भावनेने दोष शोधणाऱ्या संशोधकाला त्यात स्पष्ट संरक्षण नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात कलम १७ मध्ये संशोधनासाठी सवलत आहे, पण ती वैयक्तिक डेटावर प्रक्रिया करण्यापुरती आहे. सरकारी यंत्रणेतला दोष उघड करणाऱ्याला त्या सवलतीने कलम ४३ पासून वाचवता येणार नाही.

ज्याच्या कामालाच कायद्याचे छत्र नाही, त्याला चळवळीपासून दूर राहण्याचा सल्ला देणे मला अन्यायाचे वाटते. छत्र मिळवण्यासाठी मागणी करावी लागते, आणि तशी मागणी करणे ही चळवळच आहे.

तळटीप

पाणवठा यांचा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. संशोधन करण्याच्या स्वातंत्र्यासाठी संशोधकाने रस्त्यावर उतरायलाही माझी हरकत नाही. जी व्यवस्था तो स्वतः मोजतो आहे तिच्याविरुद्धच्या मोहिमेचे त्याने नेतृत्व करू नये, एवढाच माझा आग्रह आहे, आणि उंबरठा यांचे उत्तर वाचूनही तो कायम आहे. ब्राउझरमधली कुकी कोणालाही तपासता येते. आधारचे प्रमाणीकरण फसल्यामुळे किती जणांना रेशन मिळाले नाही, हे तसे घरबसल्या तपासता येत नाही; तिथे गावोगाव जाऊन केलेल्या पाहणीवर आणि ती करणाऱ्यावर विश्वास ठेवावा लागतो.

उंबरठा

पाहणीची प्रश्नावली, गावे निवडण्याची पद्धत आणि नावे काढलेली उत्तरे खुली केली, तर तिथेही विरोधकाला पडताळणी करता येते. माझी काळजी दुसरी आहे. निवेदनावर सही करणाऱ्या प्राध्यापकाची नोकरी कायम असते. संकेतस्थळांवर प्रत्यक्ष मोजणी करणारी पीएचडीची विद्यार्थिनी तीन-चार वर्षांच्या शिष्यवृत्तीवर असते, आणि नोटीस आली तर ती तिच्या नावावरही येऊ शकते. मोजणी सुरू होण्याआधी विद्यापीठाने तिच्या कायदेशीर बचावाची लेखी हमी द्यावी, असे मला वाटते. पाणवठा, आपल्याकडच्या विद्यापीठाने अशी हमी दिली तर ती न्यायालयात कितपत टिकेल, यावर तुम्ही लिहावे अशी विनंती आहे.