७ महिन्यांच्या बाळाला ल्युकेमिया, डॉक्टरांना काय काय विचारू?

भाचीचा_मामा: बहिणीच्या मुलीला परवा एएलएल (ल्युकेमियाचा म्हणजे ब्लड कॅन्सरचा एक प्रकार) निघाला. अंगावर निळसर डाग दिसायचे, आम्हाला वाटलं पालथी पडताना कुठे आपटली असेल, रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी दोन लाखांवर. लहान मुलांचा ब्लड कॅन्सर ९० टक्के बरा होतो असं वाचलं, पण डॉक्टर काही तसं बोलेनात. सेकंड ओपिनियन घ्यावं का? ताई-भावोजी बोलायच्या मनःस्थितीत नाहीत.

पिल्लूची_आई: दादा, ते ९० टक्के वर्षावरच्या मुलांचे. वर्षाच्या आतल्या बाळांचा आजार वेगळाच वागतो, डॉक्टर गप्प आहेत ते त्यामुळे. पहिलं विचारा केएमटी२ए जीनचा रिपोर्ट आला का. अशा चारातल्या साधारण तीन बाळांमध्ये तो जीन तुटलेला असतो आणि पुढचं बरंचसं त्यावर ठरतं. दुसरं, तान्ह्या बाळांचा वेगळा प्रोटोकॉल (इंटरफँट) वापरणार का. सेकंड ओपिनियन जरूर घ्या पण रिपोर्ट पाठवून, पेशी एवढ्या असताना बाळाला घेऊन फिरू नका आणि ट्रीटमेंट थांबवू नका.

वॉर्डसिस्टर: +१. ब्लिनाटुमोमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाबद्दलही विचारा. २०२३ साली केएमटी२एवाल्या ३० बाळांचा अभ्यास आला, नेहमीच्या केमोत याचं एक सायकल घातलं, २८ दिवस अखंड ड्रिप. दोन वर्षांनी आजार न उलटलेली बाळं ८२ टक्के, आधीच्या प्रोटोकॉलला ४९ होती. अभ्यास छोटा आहे हे लक्षात ठेवा, पण विषय काढायला लाजू नका. एमआरडी (उपचारानंतर उरलेल्या कॅन्सरच्या पेशी शोधणारी तपासणी) कधी करणार आणि बोन मॅरो ट्रान्सप्लांटचा विचार कधी, हेही विचारून ठेवा.

पिल्लूची_आई: आणि घरी सोडलं की ३८ च्या वर ताप म्हणजे रात्रीचे तीन वाजले असले तरी हॉस्पिटल, आधी क्रोसिन देऊन बघू वगैरे अजिबात नाही. ताप काखेत बघायचा, शी च्या जागी थर्मामीटर घालायचा नाही. केमोनंतर लंगोट बदलताना ग्लोव्हज. आमचं पिल्लू सेंट्रल लाइनची (औषधं द्यायला मोठ्या शिरेत बसवतात ती) नळी सारखी तोंडात घालायचं, शेवटी घट्ट बनियनच्या आत टेप लावून बसवली तेव्हा कुठे सुटका. स्टिरॉइड चालू झालं की दिवसरात्र भूक आणि किरकिर, ताईला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिला वाटेल आपलंच काही चुकतंय.

भाचीचा_मामा: खूप आभार दोघींचे. केएमटी२एचं विचारलं, रिपोर्ट यायचाय. स्टिरॉइड आज सुरू झालं, आठव्या दिवशी रक्तात किती ब्लास्ट (कॅन्सरच्या कच्च्या पेशी) उरले ते बघणार म्हणाले. बनियन आणायला निघालोय.