अनुभव धागा: धंदेवाल्यांचा गट – चालतो कसा, मोडतो कशाने (खानदेश)

छोट्या धंदेवाल्याला सल्ला देणारे गल्लोगल्ली भेटतात, वही उघडून बोलणारा भेटत नाही. घरी सांगावं तर घोर लागतो, व्यापाऱ्याला सांगावं तर तो भाव पाडतो, बँकेत सांगावं तर कर्जाचं लिमिट अडतं. म्हणून सहा-आठ धंदेवाले महिन्यातून एकदा बसतात आणि एकमेकांचे आकडे बघतात. आपल्याकडे बचत गट गावोगाव आहेत, पण असे धंद्याचे गट कमी, आणि जे सुरू होतात त्यातले बरेच चहा-फराळावर येऊन थांबतात.

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या जाणकारांना विनंती: रीत लिहा. किती जण, किती वेळ, कोणते रकाने, कुठे बिनसतं. "माझा प्रवास" इथे नको, त्यासाठी सत्कार समारंभ आहेत.

चटईवाला, जळगाव एमआयडीसी

संख्या सहा ते आठ. पाचाच्या खाली दोघे गैरहजर राहिले की बैठक उरत नाही, दहाच्या वर गेलं की तिघेच बोलतात. एका धंद्याचे दोन जण एका गटात घेऊ नका. दोन चटईवाले समोरासमोर बसले तर प्लास्टिक दाण्याचा खरेदीभाव कोणीच खरा सांगणार नाही. एक चटई, एक डाळमिल, एक बेकरी, एक ठिबकचा विक्रेता, एक फॅब्रिकेशन, एक शिवणकाम अशी मिसळ चालते. उलाढाल मात्र फार विषम नको. पाच लाखवाला आणि पाच कोटीवाला एकत्र बसले की पहिला ऐकत राहतो, दुसरा भाषण देतो.

वेळ सव्वादोन तास, त्याहून जास्त नाही. पहिली २० मिनिटं सगळ्यांचे आकडे, प्रत्येकी दोन-तीन मिनिटं. मग दोघांची पाळी, प्रत्येकी ४५ मिनिटं. शेवटची १५ मिनिटं कोण काय करणार ते लिहून घ्यायला. उरलेली दहा चहाची.

४५ मिनिटांची फोड महत्त्वाची आहे. पाच मिनिटं पाळीवाला आपला प्रश्न मांडतो. पुढची १५ मिनिटं बाकीच्यांनी फक्त विचारायचं, सल्ला एकही नाही. "तू असं का नाही करत?" हाही सल्लाच, अध्यक्षाने तिथेच अडवायचा. मग १५ मिनिटं सूचना. तेव्हा पाळीवाल्याने तोंड बंद ठेवून लिहायचं, सफाई द्यायची नाही. शेवटची दहा मिनिटं त्याची: यातलं काय करणार, कोणत्या तारखेपर्यंत. पुढच्या बैठकीची सुरुवात याच ओळीने होते. पंधरा मिनिटं नुसतं विचारण्यात घालवणं सगळ्यांना जड जातं, कारण आपल्याकडे प्रश्न संपायच्या आधी तोडगा तयार असतो. पण पहिल्या प्रश्नामागचा खरा प्रश्न बहुतेक वेळा याच टप्प्यात बाहेर येतो. मागणी कमी म्हणून आलेला माणूस निघतो तेव्हा कळतं की मागणी आहे, वसुली नाही.

प्रश्नही नेमका लागतो. "धंदा वाढवायचाय" हा प्रश्न नाही. "दुसरं लूम (चटई विणायचं यंत्र) घ्यावं की आहे तेच दोन पाळ्यांत चालवावं" हा प्रश्न आहे. अध्यक्ष दर महिन्याला बदलावा, नाहीतर गट त्याच्या नावाने ओळखला जातो आणि तो आजारी पडला की बैठकही आजारी पडते.

हिशोबनीस, धुळे

आकड्यांचे रकाने कोणी लिहिले नाहीत, ते लिहितो. सहा पुरतात: रोख आणि बँक शिल्लक, महिन्याची विक्री, त्या विक्रीला लागलेला माल, येणं, देणं, पडून असलेला माल. येण्याचे दोन भाग पाडा, ४५ दिवसांच्या आतलं आणि त्यापुढचं. नफ्याचा रकाना मुद्दाम नाही. छोट्या धंद्यात मालक स्वतःचा पगार धरत नाही, जागेचं भाडं धरत नाही, त्यामुळे तो आकडा दर महिन्याला खोटा पडतो आणि त्यावर वाद होतो. आमच्याकडे बैठक सुरू होते तीच "उधारी कितली शे?" (उधारी किती आहे?) या प्रश्नाने, आणि ते बरोबर आहे.

४५ दिवस का? २००६ च्या सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योग कायद्यानुसार खरेदीदाराशी लेखी करार असला तरी पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही. करार नसेल तर मुदत १५ दिवसांची. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. शिवाय आयकरातही तशी तरतूद आली (१९६१ च्या कायद्यात ते कलम ४३बी(एच) होतं). मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळतो. त्यामुळे मार्च जवळ आला की मोठ्या खरेदीदाराचा अकाउंटंट स्वतःहून फोन करतो. हे संरक्षण उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकांना व सेवा देणाऱ्यांना आहे. नुसता घाऊक-किरकोळ व्यापार असेल तर नोंदणी मिळते, पण थकबाकीचं हे कलम लागू होत नाही. गटात अर्धे लोक इथेच चुकतात. नोंदणी मोफत आहे, पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांच्या नादी लागू नका. आणि बिलावर उद्यम क्रमांक छापा. समोरच्याला माहीतच नव्हतं, ही सबब त्याने संपते.

बिबडे-पापड, अमळनेर तालुका

दादा, तुमचे रकाने ठीक आहेत, पण बायांच्या गटात त्याआधी भाव काढायला शिकवावं लागतं. बिबड्यांचंच, म्हणजे ज्वारीच्या पापडांचंच बघा. ज्वारी तीन दिवस भिजवायची, रोज पाणी बदलायचं, दळायचं, लसूण-तीळ-मिरची घालून शिजवायचं, ओल्या कापडावर थापायचं, वाळवायचं. भाव सांगताना ज्वारी, तीळ, लसूण धरतात. सरपण, दळण, पिशवी आणि चौघींची दोन दिवसांची मजुरी धरत नाहीत. "घरचंच काम आहे" म्हणून.

गटात एकदा फळ्यावर मांडा. समजा एका खेपेचा मजुरीसकट सगळा खर्च ४,२०० रुपये आला आणि वाळून १५ किलो माल निघाला, त्यात दीड किलो तुकडा, म्हणजे तुटका माल. तर १५ ने भागायचं नाही, साडेतेराने भागायचं. २८० रुपये किलो वाटतो तो माल ३११ ला पडलेला असतो. तुकडा स्वस्तात विकला जात असेल तर ते पैसे आधी ४,२०० मधून वजा करा. दुकानदाराचा वाटा यावर वेगळा. हे गणित एकीने केलं तर तिला वाटतं आपणच महाग आहोत. दहा जणींनी आपापलं करून शेजारी-शेजारी लिहिलं की दिसतं, कोणाचा तुकडा जास्त जातो, कोणाचं सरपण. मग प्रश्न भावाचा राहत नाही, थापण्याचा होतो.

बचत गट आणि धंद्याची बैठक एकाच दिवशी असेल तर वसुली आधी उरका, वही मिटवा, मग धंद्यावर बसा. एकत्र केलं की हप्ता थकलेली बाई धंद्याबद्दलही बोलत नाही.

बँकेचं थोडक्यात: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे ही पंचसूत्री सहा महिने पाळली की कर्जासाठी गटाची प्रतवारी होते. गटाला १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही आणि बँकेने बचत खात्यावर बोजा चढवायचा नाही (त्यातले पैसे कर्जापोटी अडवायचे नाहीत), असं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आहे. शाखेत कोणी ठेव मागितली तर परिपत्रकाची प्रत पुढे ठेवा, वाद घालू नका. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत बीज भांडवल (धंद्याला सुरुवातीचे पैसे) प्रति सदस्य ४०,००० रुपयांपर्यंत ठेवलं होतं, ते अन्नप्रक्रिया करणाऱ्या सदस्यांनाच.

केळी वेफर्स, यावल

एकत्र खरेदीबद्दल लिहितो, कारण गट तुटतात ते इथेच.

तेलाचे डबे, मीठ-मसाला, पिशव्या, खोके एवढंच एकत्र घ्या. कच्ची केळी एकत्र घेऊ नका. एकाला आज लागते, दुसऱ्याला परवा, आणि पिकायला लागलेल्या केळीचा वेफर तळताना काळा पडतो, तेव्हा "माझ्या वाट्याला वाईट घड आले" हे भांडण ठरलेलं.

मागणी दहा दिवस आधी लिहून घ्या, पूर्ण पैसे आधी जमा करा. अर्धे आधी, अर्धे नंतर हे चालत नाही; माल उतरल्यावर एकाची अडचण निघतेच. सगळ्यात मोठी चूक म्हणजे एकाच्या नावावर बिल. त्याने तो माल बाकीच्यांना दिला की कायद्याने ती विक्री ठरते, त्याची उलाढाल फुगते आणि त्याने पुन्हा बिल केल्याशिवाय बाकीच्यांना जीएसटीची वजावट मिळत नाही. पुरवठादाराला सांगा: भाव सगळ्यांच्या मिळून वजनाचा, गाडी एक, बिलं वेगळी. तो तयार नसेल तर दुसरा बघा.

छापील पिशवीत रंगागणिक छपाईच्या सिलिंडरचा खर्च असतो आणि कारखाना ठरावीक वजनाखाली छापत नाही. म्हणून चार जणांनी मिळून एकच साधी पारदर्शक किंवा चंदेरी पिशवी घ्यावी आणि लेबल आपापलं चिकटवावं. एका नावाने सामायिक छापायचा मोह होतो. छापा, पण एकाचा अन्न परवाना क्रमांक सगळ्यांच्या मालावर नको. नमुना फेल झाला की तो १४ अंकी क्रमांक ज्याचा, त्याच्याच दारात माणूस येतो. प्रत्यक्ष बनवणाऱ्याचं नाव, पत्ता, परवाना लेबलवर हवा, आणि बॅच क्रमांकाचं पहिलं अक्षर सदस्यानुसार ठेवा. तक्रार आली की पिशवी कोणाची, ते दोन मिनिटांत कळतं.

शिवणकाम, चाळीसगाव

जळगावकर चटईवाले भाऊ, आमच्या गटात चौघी ब्लाऊज शिवणाऱ्याच आहेत. एका धंद्याचे दोन नकोत हे खेड्यात कसं जमायचं?

चटईवाला, जळगाव एमआयडीसी

ताई, मग भागाने वेगळ्या व्हा. गिऱ्हाईक तेच नसेल तर चालतं. एक चाळीसगावची, एक पाचोऱ्याची, एक भडगावची. ते जमत नसेल तर बैठकीतून गिऱ्हाइकांची नावं वगळा आणि कापड, मशीन, मजुरी, वेळ यावरच बोला. आणि चौघी मिळून "शिलाई आजपासून इतकी" असं ठरवू नका. आपल्याकडे सर्रास होतं, पण स्पर्धकांनी मिळून भाव बांधणं २००२ च्या स्पर्धा कायद्यात बसत नाही. खर्चाचं गणित मांडा, भाव ज्याने-त्याने लावावा.

मिरची-मसाला, नंदुरबार

वेळेचं कोणी बोललं नाही. इथे पथारीवर (मिरची वाळवायच्या मोकळ्या जागेवर) मिरची पसरलेली असते त्या दिवसांत बैठक ठेवली आणि आभाळ आलं की अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. हंगामाच्या चार महिन्यांत बैठक तासाभराची करा, पाळी एकाचीच. आठवडे बाजाराचा दिवस, लग्नसराईची दाट तिथ टाळा. मे महिन्यात दुपारी बोलावू नका, ४५ अंशांत कोणी नीट विचार करत नाही. तारीख "दुसरा बुधवार" अशी कायमची बांधा. दर वेळी फोनवर ठरवलं की दोन महिन्यांत गट संपतो.

गैरहजेरीला दंड ठेवा, पण तो चहाच्या खर्चात जिरवा. साठवला की त्यावर हक्क सांगणारे निघतात. अक्कलकुवा, धडगावकडे पाड्यांत अंतर फार, तिथे दहा जण जमत नाहीत. दुर्गम भागात पाच सदस्यांचाही बचत गट धरला जातो, हे लक्षात ठेवा.

किराणा, भुसावळ

भिशी घालू नका. गट जमला की चौथ्या बैठकीत कोणीतरी काढतोच. १९८२ च्या चिट फंड कायद्याखाली परवानगी नसलेली भिशी चालवणं गुन्हा आहे, आणि ज्याने लवकर उचलली तो नंतर बैठकीला येत नाही. त्याच कारणाने सदस्यांनी एकमेकांना हातउसनेही देऊ नयेत, जामीनही राहू नये.

बिबडे-पापड, अमळनेर तालुका

यात बचत गटाचं अंतर्गत कर्ज धरू नका हं, त्याला ठराव आणि वही असते. किराणावाले भाऊ हातउसन्याचं म्हणतायत.

हिशोबनीस, धुळे

बाहेर पडण्याचा नियम पहिल्याच दिवशी लिहा. सोडणाऱ्याने एक बैठक आधी सांगायचं, आपल्याकडे चुकून राहिलेले बाकीच्यांचे आकड्यांचे कागद परत द्यायचे, फोनवरचे फोटो पुसायचे. नवीन माणूस सगळ्यांच्या होकारानेच घ्यायचा, एकाचा नकार पुरे, कारण विचारायचं नाही. व्हॉट्सॲपवर आकडे टाकायचेच नाहीत. तिथे तारीख, जागा आणि मागणीची यादी एवढंच. आकड्यांचा कागद बैठकीत वाटा आणि उठताना गोळा करा.

केळी वेफर्स, यावल

आणि त्या कागदावर धंद्याचं नाव लिहू नका, नुसता क्रमांक. एखादा कागद चुकून कोणाच्या खिशातून गेलाच तर निदान कोणाची उधारी ते वाचणाऱ्याला कळत नाही.