गाडी तापली की न्यूट्रल सापडत नाही, गिअर लिव्हरही अडकते. इंजिन उघडण्याआधी काय काय तपासू?

नमस्कार. एका सिलिंडरची, पाच गिअरची मोटरसायकल आहे. पहिला खाली, बाकीचे वर. क्लच केबलवर चालणारा. बऱ्याच वर्षांची गाडी आहे आणि माझा जीव आहे तिच्यावर, म्हणून घाईने काही करायचं नाहीये. पाने, पक्कड, ग्रीस सगळं घरी आहे. चेन, ब्रेक शू, ऑइल बदलणं ही कामं मीच करतो, पण इंजिनचं कव्हर आजवर काढलेलं नाही.

त्रास दोन प्रकारचा आहे.

पहिला म्हणजे गाडी चांगली तापली की उभ्या गाडीत न्यूट्रल लागत नाही. पहिल्यातून वर उचललं की थेट दुसरा, दुसऱ्यातून दाबलं की थेट पहिला. इंजिन बंद केलं की मात्र तेच न्यूट्रल अलगद लागतं. क्लच पूर्ण दाबून पहिल्या गिअरमध्ये उभा राहिलो तर गाडी पुढे सरकू बघते, ब्रेक धरून ठेवावा लागतो.

दुसरा त्रास अधूनमधून होतो. वरचा गिअर टाकला की लिव्हर वरच राहते. पायाने खाली आणल्याशिवाय पुढचा गिअर पडत नाही. चिखलाच्या रस्त्यावरून आल्यावर हे जास्त होतं असं वाटतं, पण खात्री नाही.

आतापर्यंत हे पाहिलंय: ऑइलची पातळी बरोबर आहे, ग्रेड गाडीच्या पुस्तिकेतलाच आहे, डब्यावर जासो एमए२ (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलंय. चेनला पुस्तिकेत सांगितलेली ढील आहे. क्लच घसरत नाही, थ्रॉटल दिला की आरपीएमबरोबर वेगही वाढतो. चालत्या गाडीत कुठलाही गिअर निसटत नाही.

एका मेकॅनिकने गाडी न बघताच गिअरबॉक्स खोलावा लागेल असं सांगितलं. त्यासाठी अख्खं इंजिन उतरवावं लागणार. खरंच तिथपर्यंत जायची गरज आहे का? आणि हे दोन्ही त्रास एकाच बिघाडाचे आहेत की वेगवेगळे?

प्रतिसाद

गिअरबॉक्सला हात लावू नका. निदान आत्ता तरी नाही. तुमच्या लिहिण्यात दोन वाक्यं फार मोलाची आहेत: चालताना गिअर निसटत नाही, आणि इंजिन बंद केलं की न्यूट्रल लगेच लागतं.

मोटरसायकलच्या गिअरबॉक्समध्ये गिअरचे दाते कायम एकमेकांत गुंतलेलेच असतात. आपण गिअर टाकतो तेव्हा गिअरच्या कडेला असलेले ठोकळ्यासारखे दात, ज्यांना डॉग म्हणतात, ते शेजारच्या गिअरच्या खाचेत सरकतात. सरकवायचं काम फोर्क करतात आणि फोर्कना हलवतो तो ड्रम, म्हणजे खाचा असलेला फिरणारा दंडगोल. डॉग झिजले किंवा फोर्क वाकले की गिअर निसटतो, विशेषतः थ्रॉटल दिल्यावर. तसं तुमच्याकडे होत नाही.

आता न्यूट्रलचं. पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधला तो अर्धाच टप्पा, त्यामुळे तिथे थांबायला डॉग एकदम मोकळे हवेत. क्लच पूर्ण सुटत नसेल तर इंजिनचा थोडा जोर डॉगवर सतत राहतो आणि ते घट्ट दाबले जातात. मग आपण लिव्हरवर जास्त ताकद लावतो आणि न्यूट्रल ओलांडून पुढे जातो. इंजिन बंद झालं की जोर संपला, डॉग मोकळे. म्हणजे तुमचा क्लच अर्धवट सुटतोय. गाडी पुढे सरकू बघते तेही यामुळेच.

नुसत्या जाड ऑइलमुळे असतं तर थंड इंजिनमध्ये जास्त आणि तापल्यावर कमी झालं असतं. तुमचं उलट आहे. म्हणून आधी केबल बघा. क्लच लिव्हरच्या टोकाशी मोकळीक किती आहे ते पट्टीने मोजा. बहुतेक गाड्यांना १० ते २० मिलिमीटर चालते, नेमका आकडा पुस्तिकेत मिळेल. मग कुणाला तरी लिव्हर पूर्ण दाबायला सांगून इंजिनच्या बाजूचा आर्म, म्हणजे केबल ज्याला ओढते तो दांडा, किती फिरतो ते स्वतः बघा. लिव्हर पूर्ण दाबूनही आर्म जेमतेम हलत असेल तर हालचाल वाटेतच हरवतेय.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत, पण दुसरा त्रास वेगळा आहे हे नक्की. क्लच कितीही वाईट असला तरी गिअर लिव्हर मध्यावर परत आणायचं काम त्याचं नाही. ते काम शिफ्ट शाफ्टवरच्या, म्हणजे गिअर लिव्हर इंजिनमध्ये ज्या दांड्याला फिरवते त्यावरच्या स्प्रिंगचं, आणि ती स्प्रिंग कव्हरच्या आत असते.

पण आत जाण्याआधी एक सोपी चाचणी. तुमची लिव्हर फूटरेस्टजवळच्या बोल्टवर फिरते आणि रॉडने पुढे जोडलेली आहे, की थेट इंजिनच्या शाफ्टवर बसवलेली आहे? रॉड असेल तर शाफ्टच्या दात्यांवर आणि आर्मवर समोरासमोर रंगाची खूण करा, म्हणजे परत बसवताना एक दातही चुकणार नाही. मग रॉड सोडवा आणि शाफ्टवरचा आर्म हाताने वर-खाली करा. दोन्ही बाजूंनी टुणकन मध्यावर आला तर आतली स्प्रिंग ठणठणीत आहे आणि दोष बाहेरच्या लिव्हरचा. आर्मच लोळत राहिला तर मात्र कव्हर उघडायला पर्याय नाही.

ही चाचणी इंजिन बंद ठेवूनच करा. उभ्या गाडीत सगळे गिअर पडत नाहीत, डॉग एकमेकांसमोर आले की अडतात. मधल्या स्टँडवर लावून मागचं चाक हाताने फिरवत फिरवत टाका. अनेक जण इथेच घाबरतात आणि चांगला गिअरबॉक्स खराब ठरवतात.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. इतक्या आपुलकीने कुणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं.

केबलची मोकळीक २५ मिलिमीटर निघाली. ॲडजस्टरने १२ वर आणली, थोडा फरक पडला, पण गाडी तापल्यावर परत तेच. म्हणून क्लच लिव्हरमधून केबलचं टोक बाहेर काढलं. टोकाच्या गोळीपाशी, लिव्हरच्या आत जिथे दिसत नाही तिथेच, काही तारा तुटलेल्या होत्या आणि उरलेल्या ताणल्या जात होत्या. हँडल वळवल्यावर केबलचं आवरण एका जागी दुमडतही होतं. म्हणजे मी ॲडजस्ट करत राहिलो असतो आणि ती आणखी लांबत राहिली असती.

नवी केबल घातली, बसवण्याआधी आत ऑइल सोडलं, आणि वळण मोठं राहील अशा मार्गाने नेली. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाहिलं, मोकळीक बदलत नाही. लांब फेरी मारून आलो. गाडी पूर्ण तापलेली, इंजिन चालू, आणि न्यूट्रल पहिल्याच स्पर्शात! सरकणंही थांबलं. फार आनंद झालाय.

गिअर लिव्हरचंही कळलं. रॉड सोडवल्यावर आर्म व्यवस्थित परत येतो. फूटरेस्टजवळचा बोल्ट काढला तर बुशमध्ये चिखल आणि वाळलेलं ग्रीस यांचा दगड झालेला. घासून काढून नवं ग्रीस भरलंय. रॉडचा एक लॉकनट मात्र सुटेना, म्हणून लिव्हरची उंची अजून तशीच आहे.

एक शंका उरली. सकाळी पहिला गिअर टाकताना खट्ट आवाज आणि छोटा झटका अजूनही येतो.

प्रतिसाद

वा, छान काम केलंत. त्या रॉडच्या एका टोकाला बहुधा उलटे आटे असतात, म्हणून रॉड फिरवला की लांबी कमी-जास्त होते. तो नट उलट्या दिशेने सोडवून बघा, ताकद लावू नका. उंची अशी ठेवा की बसल्या जागी बूट लिव्हरखाली सहज जाईल. लिव्हर फार वर असेल तर वरचा गिअर टाकताना घोटा पुरेसा उचलला जात नाही आणि गिअर अर्धवट पडतो.

सकाळच्या झटक्याची काळजी करू नका. रात्रभर उभ्या गाडीत क्लच प्लेटा ऑइलने एकमेकींना चिकटतात. सुरू करण्याआधी गिअरमध्ये टाका, क्लच दाबा आणि गाडी दोन-चार वेळा मागेपुढे ढकला, प्लेटा सुटतील. मग न्यूट्रल करून सुरू करा आणि आयडल, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिनची गती, खाली बसू द्या. आयडल जास्त असताना गिअर टाकला तर कुठलीही गाडी आपटणारच.

प्रतिसाद

पुढेमागे तोच त्रास परतला आणि केबल ठीक असली, तर क्लचचं कव्हर उघडावं लागेल. ते घरी होण्यासारखं आहे. ऑइल काढून घ्या आणि नवं गॅस्केट आधी आणून ठेवा. स्टीलच्या प्लेटा सपाट काचेवर ठेवून खाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) जातंय का बघा, वाकलेली प्लेट लगेच कळते. बास्केटच्या, म्हणजे प्लेटा ज्यात बसतात त्या भांड्याच्या, बोटांवर नख अडेल अशा खाचा पडल्या असतील तर प्लेटा तिथे अडकतात. उथळ खाच बारीक कानशीने साफ करता येते, खोल असेल तर बास्केटच बदलावं. नव्या फ्रिक्शन प्लेटा बसवण्याआधी ऑइलमध्ये भिजवायच्या, कोरड्या बसवायच्या नाहीत. आणि स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळायचे, ते ॲल्युमिनियमच्या आट्यांत बसतात.

तोवर एवढंच करा. पुढच्या वेळी ऑइल बदलताना ड्रेन प्लगला चुंबक असेल तर तो पुसण्याआधी नीट बघा. करड्या रंगाचा मऊ गाळ असेल तर निश्चिंत राहा. हाताला टोचणारा धातूचा तुकडा दिसला तर फोटो काढून इथेच टाका, मग गिअरबॉक्सचं बोलू.